अर्ध्या ताकदीचं इंधन : अल्कोहोलवरच्या ड्रॅग रेसिंग इंजिनाची गोष्ट

मिथेनॉल हा शब्द तुम्ही पहिल्यांदा कुठे वाचलात? माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांचं उत्तर एकच असेल : २०१५ साली मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, तेव्हाच्या पेपरात. मी त्या वेळी बी.एस्सी. करत होते. पुढे पीएच.डी.ला हाच पदार्थ इंजिनात जाळायचं काम नशिबी येईल असं वाटलं नव्हतं. आणि त्याच्या इतिहासासाठी अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगपर्यंत जावं लागेल, हे तर स्वप्नातही नव्हतं.

गेलेच का, ते आधी सांगते. पहिल्या वर्षी माझ्या टेस्ट रिगवर मिथेनॉलच्या फवाऱ्याचं मोजमाप चालू होतं. दिवाळीची सुट्टी लागली. टाकीत इंधन तसंच ठेवून मी घरी गेले. तीन आठवड्यांनी परत येऊन पंप चालू केला तर तो अडकलेला. उघडला तर आत पांढरी, चुन्यासारखी पूड. ॲल्युमिनियमच्या बॉडीला बारीक खड्डे पडलेले, इंजेक्टरची जाळी बुजलेली. नवा पंप यायला पाच महिने लागले. वर्कशॉपमधले काका एवढंच म्हणाले, "अगं, हे दारूवरचं काम. रात्री टाकी उपसून ठेवायची असते." त्यांना हे कुठून माहीत? तरुणपणी त्यांनी मिथेनॉलवर चालणारी मॉडेल विमानं उडवलेली. मी वाचलेल्या वीस-पंचवीस शोधनिबंधांत मात्र ही गोष्ट एका ओळीनेही नव्हती. ती सापडली रेसिंगच्या इंधन-पंपांसोबत येणाऱ्या सूचनापत्रकांत. तिथून मी या इतिहासात शिरले.

तर ड्रॅग रेस म्हणजे काय? दोन गाड्या, सरळ रस्ता, पाव मैल, म्हणजे साधारण ४०२ मीटर. थांबलेल्या स्थितीतून निघायचं आणि आधी पोहोचायचं. बस. आपल्याकडे लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा स्पर्धा झाल्या आहेत, पण त्या मुख्यतः पेट्रोलवरच्या गाड्यांच्या. मी सांगतेय तो प्रकार अमेरिकेतला आहे, आणि तिथेही तो एकदम जन्माला आला नाही. कॅलिफोर्नियात म्युरॉक, एल मिराज अशी कोरड्या तळ्यांची विस्तीर्ण सपाट मैदानं आहेत. तिथे १९३०च्या दशकापासून पोरं जुन्या फोर्ड गाड्या सोलून, हलक्या करून पळवत. दुसऱ्या महायुद्धानंतर हे वेड वाढलं, रस्त्यांवर आलं, आणि पोलीस मागे लागले. १९५०मध्ये सँटा ॲना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर तिकीट लावून शर्यती सुरू झाल्या. १९५१मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे एनएचआरए, स्थापन केली. रस्त्यावरच्या पोरांना मैदानात आणायचं आणि नियमात बांधायचं, हा हेतू.

आता इंधनाकडे येऊ. इथे थोडं गणित करायचं आहे, पळू नका.

एक किलो पेट्रोल जळलं की साधारण ४४ मेगाज्यूल उष्णता मिळते. एक किलो मिथेनॉलमधून फक्त २०. म्हणजे अर्ध्याहूनही कमी. मग शर्यतीतला शहाणा माणूस ते टाकीत का भरेल? माझ्या तोंडी परीक्षेत हाच प्रश्न आला होता आणि मी ऑक्टेन, ऑक्टेन करत अडखळले होते. खरं उत्तर प्रश्न उलटा केल्यावर मिळतं. इंजिनात टंचाई इंधनाची नसते, हवेची असते. इंधन हवं तेवढं ओतता येतं, पण सिलिंडरमध्ये हवा ठरावीकच मावते. म्हणून 'एक किलो इंधनातून किती' असं विचारायचं नाही, 'एक किलो हवेसोबत किती' असं विचारायचं. पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या १४.७ पट हवा लागते, मिथेनॉलला जेमतेम साडेसहा पट. त्यामुळे एक किलो हवेसोबत ६८ ग्रॅम पेट्रोल जळतं आणि ३ मेगाज्यूल देतं. तेवढ्याच हवेत मिथेनॉल जळतं १५५ ग्रॅम, आणि देतं ३.१. बरोबरी झाली, किंचित वरचढच.

पण खरी गंमत पुढे आहे. द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते, हे माठातलं पाणी गार होतं तेव्हापासून आपल्याला माहीत आहे. पेट्रोलच्या एका ग्रॅमला साधारण ०.३५ किलोज्यूल लागतात, मिथेनॉलला १.१. आता वरच्या आकड्यांना गुणा. पेट्रोल एक किलो हवेतून सुमारे २४ किलोज्यूल ओढतं, मिथेनॉल १७०. हवेची विशिष्ट उष्णता १ किलोज्यूलच्या आसपास धरली तर कागदावर हवा १७० अंशांनी थंड व्हायला हवी. प्रत्यक्षात तेवढी होत नाही. सगळं मिथेनॉल हवेत असतानाच उडून जात नाही, बरंचसं गरम धातूवर जाऊन उडतं. तरी दिशा स्पष्ट आहे. थंड हवा दाट असते, म्हणून जास्त मावते, आणि आत दाबली तरी अवेळी पेटत नाही.

हे रेसवाल्यांनी शोधलं असं मात्र म्हणू नका. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी १९२०च्या दशकातच अल्कोहोलच्या या थंडाव्याचा अभ्यास केला होता. १९२३मध्ये जर्मनीत ल्यूना इथे बीएएसएफने कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनपासून मिथेनॉल बनवायला सुरुवात केली. तोवर ते लाकडाच्या ऊर्ध्वपातनातून मिळायचं, म्हणून त्याला 'लाकडाची दारू' म्हणत. कारखान्यात बनू लागल्यावर ते भरपूर मिळू लागलं, आणि १९३०च्या दशकातल्या जर्मन ग्रां प्री गाड्यांच्या इंधनात त्याचा मोठा वाटा आला. महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांच्या इंजिनांत पाणी आणि मिथेनॉल निम्मं-निम्मं मिसळून फवारलं जाई. त्याचं नाव एमडब्ल्यू ५०. त्या मिश्रणात किंचित गंजरोधक तेलही घालत. माझ्या दिवाळीतल्या पंपाचं औषध तेव्हाच माहीत होतं म्हणायचं!

कॅलिफोर्नियातल्या पोरांपुढचा प्रश्न वेगळा होता. मिथेनॉल पेट्रोलच्या दुपटीहून जास्त ओतावं लागतं, आणि कार्ब्युरेटर त्या भुकेसाठी बनलेला नाही. स्टुअर्ट हिलबॉर्न यांनी इथे कार्ब्युरेटर काढूनच टाकला आणि यांत्रिक इंधन-इंजेक्शन बसवलं. १९४८मध्ये एल मिराजवर त्यांच्या गाडीने ताशी १५० मैलांचा टप्पा ओलांडला. इंजिन होतं जुनं फोर्ड व्ही-८.

हिलबॉर्न पद्धत आजही अल्कोहोल इंजिनांचा पाया आहे, म्हणून ती नीट समजून घ्या. यात कॉम्प्युटर नाही. इंजिनच एक पंप फिरवतं. इंजिनाचा वेग दुप्पट झाला की पंपाचं इंधनही साधारण दुप्पट, आणि इंजिन हवाही तेवढीच ओढतं. म्हणजे प्रमाण आपोआप सांभाळलं जातं. थ्रॉटलला जोडलेली एक झडप कमी वेगात इंधन रोखते. पंप नेहमी गरजेपेक्षा जास्त देतो, आणि जास्तीचं इंधन एका परतीच्या नळीतून टाकीत जातं. त्या नळीत एक छोटी पितळी चकती असते, तिला बारीक भोक. रेसवाले तिला 'पिल' म्हणतात, म्हणजे गोळी. भोक मोठं घेतलं की जास्त इंधन परत जातं आणि इंजिनाला कमी मिळतं. लहान घेतलं की उलट. शर्यतीच्या दिवशी सगळी अक्कल त्या भोकाच्या व्यासात एकवटलेली असते.

कारण हवा रोज तीच नसते. पंपाला इंजिनाचा वेग कळतो, हवेची घनता कळत नाही. दुपारी ऊन चढलं, हवा विरळ झाली की तेच इंधन जास्त होतं. म्हणून टीमकडे हवामानाची यंत्रं असतात. तापमान, दाब, आर्द्रता मोजायची, घनता काढायची, वहीत मागच्या वेळी अशा हवेत कोणती गोळी लावली होती ते बघायचं. डेन्व्हरजवळचा बँडिमियर ट्रॅक २०२३मध्ये बंद झाला. तो समुद्रसपाटीपासून सुमारे ५,८०० फुटांवर होता, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा हजारभर फूट उंच. तिथे किनाऱ्यावरच्या वहीतले आकडे जसेच्या तसे चालत नसत. इंधन कमी करायचं, हवा दाबणारा ब्लोअर जास्त वेगाने फिरवायचा, सगळं नव्याने जुळवायचं.

या ब्लोअरचीही एक कथा आहे. तो रेसिंगसाठी बनलाच नव्हता. इंडियानातल्या कॉनर्सव्हिल गावच्या रूट्स बंधूंनी १८६०मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं. पुढे ती भट्ट्यांना हवा पुरवण्यासाठी वापरली गेली. मग जनरल मोटर्सने आपल्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनांवर ती लावली, कारण तसलं इंजिन स्वतःहून हवा ओढू शकत नाही. '६-७१' हे ब्लोअरचं प्रसिद्ध नाव त्या डिझेल इंजिनावरून आलंय : ६ सिलिंडर, प्रत्येकी ७१ घन इंच. युद्धानंतर भंगारात हे ब्लोअर मिळू लागले, आणि बार्नी नवारोंसारख्या लोकांनी ते फोर्डच्या इंजिनांवर चढवले. ब्लोअर हवा दाबतो तसा ती तापवतोही. पेट्रोलसोबत ही अडचण ठरते. मिथेनॉल ब्लोअरच्या तोंडातच फवारलं की हवाही थंड आणि ब्लोअरही थंड. भंगारातला ब्लोअर आणि लाकडाची दारू, दोघांची जोडी अशी जमली.

आता मधला एक मोठा खेळाडू सांगायलाच हवा : नायट्रोमिथेन. त्याच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला फक्त १.७ पट हवा पुरते. वरचंच गणित करून बघा. एक किलो हवेसोबत साधारण ६.६ मेगाज्यूल निघतात, पेट्रोलच्या दुपटीहून जास्त. वेग भराभर वाढले, ट्रॅक मात्र तेवढेच आखूड राहिले. १९५७मध्ये एनएचआरएने आपल्या स्पर्धांत विशेष इंधनं बंद केली, फक्त पेट्रोल. बंदी नायट्रोवर होती असं लोक सहज म्हणून जातात, पण तिच्यात अल्कोहोलही भरडलं गेलं.

इथे इतिहास लिहिणाऱ्याने जरा सावध राहायला हवं. बंदी होती म्हणून ही इंधनं थांबली, असं नाही. एनएचआरएच्या बाहेरचे ट्रॅक होते. १९५९पासून बेकर्सफील्डजवळ फॅमोसो इथे इंधनवाल्या गाड्यांची मोठी स्पर्धा भरू लागली, आणि फ्लोरिडाहून डॉन गार्लिट्स तिथे धावायला आले. एकाच वेळी दोन जगं चालली होती. पेट्रोलवाले दोन-दोन इंजिनं जोडत होते, इंधनवाले एकाच इंजिनातून जास्त काढत होते. १९६३-६४मध्ये बंदी उठली. तुम्ही फक्त एका संस्थेची नियमपुस्तकं वाचून प्रकरण लिहिलंत तर मधली सहा वर्षं कोरी दिसतील. माझ्या पहिल्या मसुद्यात तशीच दिसत होती.

मग अल्कोहोलचा वेगळा वर्ग कसा झाला? नायट्रो महाग, आणि इंजिन खाणारं. १९७०च्या दशकात 'प्रो कॉम्प' नावाचा वर्ग आला, त्यात ब्लोअर लावलेली अल्कोहोल इंजिनं मुख्य होती. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचे दोन वर्ग झाले, अल्कोहोल ड्रॅगस्टर आणि अल्कोहोल फनी कार. ड्रॅगस्टरच्या वर्गात एक मजेशीर तडजोड आहे : ब्लोअर लावून मिथेनॉल जाळा, किंवा ब्लोअर न लावता नायट्रो जाळा. दोन वेगळी रसायनं एकाच रेषेवर उभी राहतात आणि नियम दोघांचे पारडे समान ठेवायला झटत असतात. आज या गाड्या पाव मैल पाच ते साडेपाच सेकंदांत कापतात, वेग ताशी २७० मैलांच्या आसपास. फ्रँक मॅन्झो यांनी अल्कोहोल फनी कारमध्ये १७ वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. सतरा वेळा! हे नशिबाने होत नाही, वहीने होतं.

वही म्हणजे देखभाल. हा भाग मला सगळ्यात आवडतो, म्हणून जरा लांबवते.

इंजिन थंड असताना मिथेनॉल नीट पेटतच नाही. ११ अंश सेल्सिअसच्या खाली तर त्याची पेटण्याजोगी वाफही पुरेशी होत नाही. म्हणून मेकॅनिक हातातल्या बाटलीने पेट्रोलची पिचकारी मारून इंजिन सुरू करतो. यातल्या बऱ्याच इंजिनांत पाण्याचे मार्गच नसतात. रेडिएटर नाही, ब्लॉक भरीव, थंडावा देतं ते इंधनच. मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः बनवतो, त्यामुळे धाव संपली की चालक इंधनाची झडप बंद करून इंजिन थांबवतो.

नंतर पहिलं काम, तेल बघणं. मिथेनॉल मुद्दाम जास्तच ओतलेलं असतं, त्यातलं थोडं पिस्टनच्या रिंगांवरून खाली झिरपतं आणि ऑइल ताकासारखं पांढुरकं होतं. ते टाकून द्यायचं. मग तळ उघडून बेअरिंगचे कवच बघायचे. तिथे घासल्याची खूण दिसली तर पुढची धाव विसरा. व्हॉल्व्हचं अंतर मोजायचं. दोन व्हॉल्व्हचं अंतर अचानक बदललं असेल तर काहीतरी वाकलंय किंवा बसतंय. सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती गळते ते बघायचं. आणि हे सगळं दोन फेऱ्यांच्या मधल्या तासा-दीड तासात.

स्पार्क प्लगचं वाचन ही तर वेगळीच विद्या. पेट्रोलच्या इंजिनात प्लगवरची काजळी बघून मिश्रण कळतं. मिथेनॉलच्या रेणूत एकच कार्बन, काजळी जवळजवळ धरतच नाही. म्हणून हे लोक प्लगच्या वाकड्या पट्टीवर तापल्याचा रंग कुठपर्यंत चढलाय ते बघतात. आठ सिलिंडर, आठ प्लग, भिंगाखाली. एखादा सिलिंडर उपाशी राहिला तर पिस्टन वितळतो. उलट एखाद्यात इंधन साचलं तर आणखी वाईट, कारण द्रव दाबला जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पुढे प्रत्येक एक्झॉस्ट पाइपात तापमानाचे सेन्सर आणि डेटा लॉगर आले, तरी भिंग गेलं नाही.

दिवस संपला की मिथेनॉल पूर्ण उपसायचं. ते हवेतलं पाणी शोषतं आणि ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम खातं. पंपातून, नळ्यांतून थोडं पेट्रोल किंवा हलकं तेल फिरवून ठेवायचं. काही जण मिथेनॉलमध्येच वंगण घालतात. एरंडेल यासाठी जुनं आणि नामी, कारण खनिज तेल मिथेनॉलमध्ये नीट विरघळत नाही आणि एरंडेल विरघळतं. कॅस्ट्रॉल हे नावही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आलंय. आजी ज्या बाटलीने आम्हाला धाक दाखवायची तिचा हा उपयोग कळल्यावर मी हसलेच होते.

आणि आग. मिथेनॉलची ज्वाला दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. १९६४च्या इंडियानापोलिस ५००मध्ये पेट्रोलच्या भीषण आगीत एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनाल्ड हे चालक गेले. त्यानंतर तिथे पेट्रोल मागे पडून मिथेनॉल आलं, कारण ते सहजी भडकत नाही आणि पाण्याने विझतं. पण १९८१मध्ये तिथेच रिक मिअर्स यांच्या गाडीत इंधन भरताना आग लागली. पिटमधली माणसं जळत होती आणि बघणाऱ्यांना ज्वाला दिसत नव्हती. मिअर्स यांचा चेहरा भाजला. आमच्या लॅबमध्ये मिथेनॉलची चाचणी असली की मी खोलीतले दिवे मंद करायला लावते. नव्या विद्यार्थ्यांना आधी ते नाटकी वाटतं.

या सगळ्याची साधनं कुठे मिळतात, असं काही जण ईमेलवर विचारतात. १९४८पासूनची हॉट रॉड मासिकं, पंप आणि ब्लोअर बनवणाऱ्यांचे कॅटलॉग, नियमपुस्तकं, चालकांच्या मुलाखती. सगळ्यात मोलाच्या असतात टीमच्या वह्या, आणि त्याच मिळत नाहीत. गोळीचा आकडा म्हणजे पोटापाण्याचा आकडा, तो कोण छापेल? म्हणून छापील लेखात दिलेलं सेटिंग मी नेहमी जरा तिरक्या नजरेने वाचते. सूचनापत्रकात 'हे करू नका' असं लिहिलेलं असतं, त्यावर मात्र माझा जास्त विश्वास बसतो. ते वाक्य कुणीतरी काहीतरी मोडल्यावरच लिहिलेलं असतं.

माझ्या रिगशेजारी आता एक वही टांगलेली आहे. तारीख, खोलीचं तापमान, दाब, आर्द्रता, किती लिटर भरलं, किती उपसलं, शेवटी कोणतं तेल फिरवलं, सही. मागच्या शुक्रवारी एका ज्युनियरने उपसल्याच्या रकान्यात नुसती बरोबरची खूण केली होती. मी त्याला परत बोलावलं आणि मोजपात्र हातात दिलं. टाकीत अजून १८० मिलिलिटर निघालं.